पोस्टरवरची मुलगी आणि रद्द झालेल्या दोन तारखा

प्रिय ताई,

मी सोळा वर्षांची आहे. दहाव्या वर्षापासून मला टाइप १ मधुमेह आहे. दोन वर्षं झाली, मी एका संस्थेत स्वयंसेवक आहे. ज्या मुलांच्या घरी इन्शुलिनचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी आम्ही पैसे जमवतो. आधी मी पावत्या फाडायचे, खुर्च्या लावायचे. मग एकदा मला दोन मिनिटं बोलायला उभं केलं. लोक रडले आणि त्या दिवशी पेटी भरली. तेव्हापासून दर कार्यक्रमात मीच बोलते. पोस्टरवर माझा फोटो आहे आणि खाली छापलंय, ‘हिने मधुमेहाला हरवलं!’

खरं काय ते कुणालाच माहीत नाही. माझं शेवटचं एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ९.४ आलं होतं. त्यानंतरच्या दोन्ही अपॉइंटमेंट मी फोन करून रद्द केल्या आणि आईला सांगितलं की डॉक्टर रजेवर आहेत. शुगरची वही मी एका रात्रीत बसून भरते. कार्यक्रम असला की स्टेजवर लो होऊ नये, म्हणजे शुगर एकदम खाली जाऊ नये, म्हणून इन्शुलिन कमी घेते. आता बारा दिवसांनी सकाळी आमचा मोठा वॉक आहे आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी साडेबाराला डॉक्टरांची तारीख आहे. मॅडम म्हणतात, यंदा स्टेजवर इंजेक्शन घेऊन दाखव, लोकांना भिडेल. मी तिसरीही तारीख रद्द करू का? की संस्थाच सोडू? मी खोटारडी आहे का?

– पोस्टरवरची

*

प्रिय पोस्टरवरची,

तीन प्रश्न विचारलेस, पण मी अडकले ती एका वाक्यावर, जे तू जाता जाता लिहून टाकलंस. कार्यक्रमाच्या दिवशी इन्शुलिन कमी घेतेस, ते. आधी त्याबद्दल बोलू, बाकीचं थोडं थांबू शकतं.

लो होण्याची भीती मला कळते. शंभर माणसांसमोर हात थरथरायला लागणं, शब्द न सापडणं, घाम फुटणं, हे कुणालाच नको असतं. पण स्टेजवर जाताना धडधडतं ना, ते अ‍ॅड्रेनलिनचं काम असतं आणि अ‍ॅड्रेनलिन शुगर वर ढकलतं. म्हणजे ज्या तासाभरात तुझी शुगर बहुतेक आपणहून चढणार, नेमकं त्याच तासासाठी तू इन्शुलिन कापतेस. मग कार्यक्रमानंतर जी तहान लागते, डोकं जड होतं, ती दमणूक भाषणाची नसते. हे वारंवार झालं की कीटोन वाढतात, म्हणजे इन्शुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा रक्तात साठणारी आम्लं. शुगर २५०च्या वर जाऊन तिथेच राहिली तर कीटोन तपासायचे. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास असं काही झालं तर बारा दिवस काय, बारा मिनिटंही थांबायचं नाही, ज्या मोठ्या माणसाचा हात सापडेल तो धरून इस्पितळ गाठायचं. तुला हे दहाव्या वर्षी सांगितलेलं असणार. पण सहा वर्षांत आपण बरंच विसरतो, आणि विसरायचं ठरवलं तर आणखी लवकर विसरतो.

स्टेजच्या दिवशी डोस किती घ्यायचा, हे मी सांगणार नाही. तो तुझ्या डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे आणि अगदी रास्त प्रश्न आहे. खेळाडू विचारतात, परीक्षेला बसणारी मुलं विचारतात, तसाच तोही. फक्त तो विचारायला तिथे जावं लागतं.

आता ९.४. मी बरीच वर्षं मुलांच्या मधुमेह क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून काम केलं आहे. दारातून आत येणाऱ्या मुलांचे चेहरे निकालाच्या दिवशीसारखे असायचे, म्हणून हा आकडा नक्की काय सांगतो ते पुन्हा एकदा लिहिते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांना जी साखर चिकटते तिचं हे मोजमाप, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. बहुतेक मुलांसाठी ७ टक्क्यांच्या खाली हे ध्येय ठेवतात. पण ध्येय आणि प्रत्यक्ष यांच्यातलं अंतर तुझ्या वयात सगळ्यात जास्त असतं. अमेरिकेतल्या टाइप १ रुग्णांच्या एका मोठ्या नोंदणीत २०१६ ते २०१८ या काळात १५ ते १८ वर्षांच्या मुलांचं सरासरी एचबीएवनसी ९.३ होतं. पुढे पंचविशीनंतर ते ८ च्या आसपास उतरलेलं दिसतं. तू ज्या आकड्यापायी दोन तारखा बुडवल्यास तो तुझ्या वयाच्या सरासरीपासून एका दशांशावर आहे.

९.४ चांगलं आहे असं मी म्हणत नाही. चांगलं नाहीच. पण त्यामागे आळशीपणा आहे असं तू धरून चालली आहेस, तिथे तुझं चुकतंय. वयात येताना वाढीचं हार्मोन इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी पुरणारा डोस आज पुरत नाही. तुझा डोस शेवटचा कधी बदलला गेला? दोन तारखा बुडाल्या म्हणजे निदान सहा-आठ महिने तू जुन्याच डोसवर आहेस आणि शरीर मात्र नवं आहे. मग आकडा वाढला की आपलीच लायकी नाही म्हणून तिसरी तारीख रद्द करायची. हे चक्र मी इतक्या मुलामुलींमध्ये पाहिलंय की तुझं पत्र अर्ध्यात आल्यावर पुढचं अर्धं मला न वाचताच कळलं होतं.

आणि वही. वहीबद्दल एक गुपित सांगते, डॉक्टर मला रागावले तरी चालतील. एका रात्रीत भरलेली वही लगेच ओळखू येते. सगळी पानं एकाच पेनाची, अक्षर एका लयीतलं, कोपरे न मुडपलेले, आणि आकडे १२०, १३०, ११०, १४०, सगळे शून्यावर संपणारे. खरी शुगर कधी ११७ असते, कधी २८३. शिवाय शुगर मोजायच्या मीटरमध्ये सगळं साठलेलं असतंच. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्या डॉक्टर अशी वही शांतपणे मिटून बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, “बरं, आता दिवस कसा जातो ते सांग.” त्यांनी कुणाला खोटारडं म्हटल्याचं मला आठवत नाही. वही खोटी आहे म्हणजे मूल घाबरलंय, एवढंच त्यांना त्यातून कळायचं.

इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन कुणाला दिलं, माहीत आहे? लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला, टोरंटोमध्ये, ११ जानेवारी १९२२ ला. पोरगं हाडांचा सापळा झालं होतं. आणि ते पहिलं इंजेक्शन फसलं. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, टोचल्या जागी गळू झालं, शुगर ४४० वरून जेमतेम ३२० वर आली. ते आकडे होते तसे कागदावर उतरले. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञांनी अर्क शुद्ध करण्याचं काम नेटाने पुढे रेटलं आणि १२ दिवसांनी, २३ जानेवारीला, दिलेलं इंजेक्शन लागू पडलं. लिओनार्ड पुढे १९३५ पर्यंत जगला. मला यात नेहमी वाटतं ते हे की त्या पहिल्या रात्री कुणी वहीत १२० लिहून मोकळं झालं असतं, तर दुसरं इंजेक्शन कशासाठी बनवलं असतं?

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तिसरी तारीख रद्द करायची नाही. खरं तर उद्याच क्लिनिकला फोन करून लवकरची वेळ मिळते का ते विचार, नाही मिळाली तर हीच पक्की कर. तुझ्या मधुमेहाला सहा वर्षं झालीत, म्हणजे आता डोळ्यांची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणीही नियमित व्हायला हवी. बहुतेक तीही राहिली असेल.

आत गेल्यावर थोडा वेळ एकटीने बोलायचं आहे असं सांगता येतं. तुझ्या वयाच्या पेशंटला डॉक्टरांनी काही मिनिटं आईवडिलांशिवाय भेटावं, ही आता सर्वमान्य पद्धत आहे, त्यामुळे कुणी भुवया उंचावणार नाही. त्या वेळात जीभ अडखळेल. म्हणून कागदावर लिहूनच ने. “मी दोन तारखा घाबरून रद्द केल्या. वही खोटी आहे. कार्यक्रमाच्या दिवशी मी इन्शुलिन कमी घेते.” तीन वाक्यं, बास. वाचता नाही आली तर कागद त्यांच्याकडे सरकव. आणि वजनाच्या काळजीनेही कधी डोस चुकवत असशील, तर चौथं वाक्य तेही लिही. तू तसं लिहिलेलं नाहीस, मी तसं समजतही नाही, पण जे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही त्यातलं ते एक आहे, म्हणून विचारून ठेवलं.

आईला मात्र त्याआधी सांग. क्लिनिकच्या खिडकीवर “मागच्या दोन्ही वेळा तुम्हीच रद्द केल्या होत्या ना?” असं आईला ऐकू येण्याआधी. ती चिडेल. डॉक्टर रजेवर असल्याची थाप तिला जास्त लागेल, आकडा त्यामानाने कमी. चिडू दे. माझा अनुभव असा की आया पहिल्या दहा मिनिटांत जे बोलतात ते त्यांचं उत्तर नसतं, अकराव्या मिनिटापासून पुढचं धरायचं. घरी तोंडाने जमत नसेल तर हेच पत्र तिला वाचायला दे.

आता पोस्टर. इथे मला तुझ्यापेक्षा त्या पोस्टरचा राग जास्त आलाय.

‘हिने मधुमेहाला हरवलं’ हे वाक्य तू लिहिलेलं नाहीस, हे आधी नीट लक्षात घे. तुला विचारून छापलं होतं का? मजकूर दाखवला होता? आईची सही घेतली होती? फोटोसाठी हो म्हणणं आणि फोटोखाली काहीही छापायला हो म्हणणं यात फरक आहे, आणि एकदा दिलेलं ‘हो’ परतही घेता येतं. आजारपणाची गोष्ट ज्याची, त्याच्याच मालकीची. ती किती सांगायची, कुणाला सांगायची आणि कधी थांबायचं हे त्याने ठरवायचं. संस्था भली असली तरी हा नियम बदलत नाही. उलट भल्या संस्थेतच तो मोडला जाण्याचा धोका जास्त, कारण तिथे नाही म्हणणाऱ्याला अपराधी वाटतं.

दुसरं म्हणजे, ते वाक्य तुमच्याच कामाच्या विरोधात जातं. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नष्ट केलेल्या असतात. त्यामुळे इन्शुलिन रोज लागतं, जन्मभर लागतं. तुम्ही ज्यांच्यासाठी पैसे मागता ती मुलं एका महिन्याचं इन्शुलिन मिळाल्यावर ‘जिंकून’ घरी जात नाहीत, त्यांना पुढच्या महिन्यालाही ते हवंच असतं. देणगीदाराला ‘हरवलं’ म्हणून सांगितलं तर तो एकदा टाळ्या वाजवेल आणि निघून जाईल. “मला सहा वर्षं झाली, इन्शुलिन वेळेवर मिळतं, तरी जमत नाही असे महिने येतात. ज्यांना ते मिळतच नाही त्यांचं काय होत असेल?” हे बोललीस तर ते खरंही असेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मागायला तोंडही राहील. पेटी एखाद्या वेळी थोडी हलकी भरेल. भरू दे.

पण हे बोललंच पाहिजेस असं मुळीच नाही. एलिझाबेथ ह्यूजची गोष्ट तुला मुद्दाम सांगते. तिला १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, मधुमेह झाला. इन्शुलिन नव्हतं, उपासमारीच्या आहारावर तिने तीन वर्षं काढली आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरंटोला, इन्शुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोहोचली तेव्हा पंधराव्या वाढदिवसाच्या तोंडावर तिचं वजन २० किलोच्या आसपास होतं. वडील तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. त्या काळात तिच्याइतकं गाजणारं दुसरं ‘पोस्टर’ मिळालं नसतं. तिने काय केलं? वाचल्यानंतर आयुष्यभर हा आजार लपवला. जुने संदर्भ, कागद सापडतील तिथून काढून टाकले. ती १९८१ पर्यंत जगली, सार्वजनिक कामं केली, संस्था उभी केली, चाळीस हजारांवर इंजेक्शनं घेतली आणि चेहरा मात्र दिला नाही. इतकं लपवावं असं माझं मत नाही, एकटीने ओझं वाहण्यात काही शहाणपण नाही. पण समाजाचं काम करायला आपला आजार व्यासपीठावर मांडावाच लागतो असं कुणी म्हणालं, तर मला एलिझाबेथ आठवते.

स्टेजवर इंजेक्शन घेऊन दाखवणं: नको. डोस शुगर पाहून आणि जेवणाची वेळ पाहून घ्यायचा असतो, टाळ्यांची वेळ पाहून नाही. मॅडमना एवढंच सांग, “ते औषध आहे, मी ते कार्यक्रमात घेणार नाही.” कारणांची यादी देत बसू नकोस. कारणं दिली की समोरचा एकेक खोडत बसतो. त्यांनी फारच आग्रह धरला तर आईला बोलू दे. तू सोळा वर्षांची आहेस, हे सगळं एकटीने निस्तरायची सक्ती तुझ्यावर नाही. मॅडम दुष्ट असतील असं मला वाटत नाही. पेटी रिकामी राहिली तर कोणत्या मुलाला काय सांगायचं, ही चिंता त्यांच्या डोक्यावर असते आणि त्या नादात समोरचं मूल दिसेनासं होतं.

संस्था सोडायची का? तुझ्या पत्रातलं सगळ्यात आनंदी वाक्य पावत्या आणि खुर्च्यांचं होतं. पुन्हा वाचून बघ. ते काम परत माग. दोघांनी मिळून पेटी उघडून पैसे मोजणं, दोघांच्या सह्या घेणं, पावत्यांचे क्रमांक जुळवणं, देणगीदारांना आभाराचं पत्र आणि हिशेब वेळेत पाठवणं, या गोष्टी कुणी नीट केल्या नाहीत तर कितीही रडवणारं भाषण दोन वर्षांत निष्प्रभ होतं. नव्याने निदान झालेल्या एखाद्या लहान मुलाशेजारी बसून त्याला मीटर वापरायला शिकवणं हेही काम आहे, आणि ते तुझ्याइतकं कुणाला जमेल? काही महिने काहीच करावंसं वाटत नसेल, तर सुट्टी घे. स्वयंसेवकाला सुट्टी असते.

एका वेगळ्या प्रकारच्या स्वयंसेवकांबद्दल सांगायचं राहिलं. १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं अमेरिका आणि कॅनडात १४४१ जणांनी एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. वयं १३ ते ३९, त्यात १९५ किशोरवयीन. शुगर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात का, हे तोवर पक्कं माहीत नव्हतं. ते कळलं ते या लोकांमुळे. काटेकोर गटात, ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते त्यांच्यात, डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. आता गंमत ऐक. त्या गटातल्या किशोरांना दर महिन्याला भेट आणि पाठीशी सगळी टीम होती, तरीही त्यांचं एचबीएवनसी सरासरी ८.१ वरच राहिलं. मोठ्यांचं ७.१. म्हणजे तेव्हाही तुझ्या वयाची मुलं मागेच होती. त्यांनी दान काय केलं? तारखेला हजर राहिली आणि खरे आकडे मोजू दिले.

तू खोटारडी आहेस का, याचं उत्तर मी टाळत नाहीये. आईशी आणि डॉक्टरांशी खोटं बोललीस, ते दुरुस्त करायचंय. पोस्टरवरचं खोटं दुसऱ्यांनी छापलं, तू ते आपल्या अंगावर घेतलंस. दोन्हींची एकच मोळी बांधून डोक्यावर घेऊ नकोस.

आता त्या दिवसाचं. वॉक सकाळी आहे, तारीख साडेबाराला. दोन्ही जमतील. चालायचं असेल तर इन्शुलिनचं काय करायचं ते आधी फोनवर विचारून घे. शुगर निघण्यापूर्वी आणि मध्ये तपास, ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेव, पिशवीत नको, पिशवी नेमकी दुसऱ्याकडे राहते. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर आणि १५ मिनिटं बसायचं, मग पुन्हा तपासायचं. बरोबरच्या एका मुलीला सांगून ठेव की तू गप्प झालीस किंवा विचित्र बोलायला लागलीस तर काय करायचं. आणि चालण्याचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून झोपण्याआधीही तपास. नाहीतर सरळ पाण्याच्या टेबलापाशी उभी राहा, तिथे नेहमीच माणसं कमी पडतात.

साडेअकराला बिल्ला काढून ठेव आणि आईबरोबर निघ. खरी-खोटी जशी असेल तशी वही आणि मीटर, दोन्ही घे. फाटकाशी मॅडमनी विचारलं, “अगं, भाषण व्हायचंय, कुठे निघालीस?” तर सांग, “डॉक्टरांकडे.”

– तुझी ताई